बुधवारनंतरचं

“बरं. म्हणजे नाहीच होणार तर,” पलीकडून बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

रिसीव्हर कानाला लावून तो तसाच बसून राहिला. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीन आधीच लागावी, तसं काहीतरी त्याला झालं. भीती त्याला पाठ झाली होती. गेले कित्येक आठवडे प्रयोगशाळेतल्या या टेबलाशी बसून तो घाबरलेल्या माणसांशीच बोलत होता. शहराबाहेर जमिनीखाली जे प्रचंड गोल यंत्र बसवलं होतं ते येत्या बुधवारी सुरू व्हायचं होतं. त्यात कणांचे झोत उलटसुलट पळवून एकमेकांवर आदळायचे होते. आणि त्या टकरीतून म्हणे एक सूक्ष्म कृष्णविवर जन्माला येईल, ते पृथ्वीच्या पोटात जाऊन बसेल आणि आतल्या आत सगळं गिळून टाकेल, असं कोणीतरी कुठेतरी छापलं होतं. तेव्हापासून फोन खणखणत होता. कोणी रडायचं, कोणी तोंडाला येईल ते बोलायचं, एका गृहस्थांनी तर घराला रंग द्यायचा होता तो आता देऊ की थांबू असं विचारलं होतं. सगळ्यांना उत्तरं देता देता त्याचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. पण दिलासा मिळाल्यावर निराश झालेलं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं.

“बाई, तुम्हाला पटलं नाही का?” त्याने विचारलं.

“पटलं की. छान समजावलंत.” त्या जरा थांबल्या. “फक्त काय आहे, बुधवारनंतरचं मी काही ठरवलंच नव्हतं. मला वाटलं होतं, एकाच गाडीने जाऊ सगळे. असो. चला, ठेवते.”

आणि त्यांनी ठेवलासुद्धा. तो ‘अहो’ म्हणेपर्यंत पलीकडे नुसती घरघर उरली होती.

या बाई रोज फोन करायच्या. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं की आपण आयुष्यभर बसस्थानकावर ध्वनिक्षेपकातून गाड्या सुटण्याच्या घोषणा करत होतो, तेव्हा मोठ्याने बोलण्याची सवय आहे, कान दुखले तर सांगा. त्याचे कान नाही दुखवायचे ते शब्द. उलट इतके स्वच्छ, सुटे सुटे यायचे की आपण कुठेतरी सामान घेऊन उभे आहोत आणि आता आपली गाडी लागणार असं त्याला वाटायचं. त्या प्रश्न विचारायच्या, तो उत्तर द्यायचा, आणि उत्तर संपलं की त्या एकच शब्द विचारायच्या, “नक्की?” आणि इथे त्याची गाडी अडायची. ‘नक्की’ हा शब्द त्याच्या धंद्यात नव्हता. “शक्यता नगण्य आहे, बाई,” तो म्हणायचा. प्रयोगशाळेत त्याला मागून सगळे नगण्यराव म्हणायचे ते याच शब्दावरून. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. जनसंपर्काच्या बाई मात्र एकदा त्याच्या टेबलाशी येऊन अगदी काकुळतीला आल्या होत्या. “सर, तुम्ही ‘नगण्य’ म्हणू नका ना. लोकांना वाटतं, थोडीशी आहे. सरळ ‘नाही’ म्हणा.” “नाही कसं म्हणता येईल?” “का नाही म्हणता येणार? तुम्हाला तरी वाटतं का असं काही होईल?” “मला मुळीच वाटत नाही.” “मग?” “मग काय? वाटणं वेगळं.” त्यांनी कपाळाला हात लावला आणि निघून गेल्या. शास्त्रज्ञांच्या प्रत्येक गटाने फोनवर बसायला एक माणूस द्यायचा असं ठरलं, तेव्हा गटप्रमुखांनी त्याचं नाव पुढे केलं होतं. तुमचा आवाज शांत आहे, असं कारण दिलं. खरं कारण असं की बायको गेल्यापासून तो गटात असून नसल्यासारखा होता, आणि असून नसल्यासारखं माणूस कुठेही बसवता येतं.

आज बाईंना त्याने शेवटचं, सगळ्यात भक्कम असं जे होतं ते सांगितलं होतं. की आम्ही खाली जी टक्कर करणार आहोत, तिच्याहून कितीतरी जोरदार टकरा आकाशात वर सतत होत असतात. अवकाशातून येणारे कण हवेवर आदळतात, चंद्रावर आदळतात, दूरच्या ताऱ्यांवर आदळतात. पृथ्वी जन्मली त्याआधीपासून हे चाललंय. त्यातून असं काही गिळणारं निघत असतं, तर ते घट्ट गोळा झालेले जुने तारे कधीच संपले असते. ते आहेत. चंद्र आहे. आपण आहोत. हे तो शेकडो जणांना सांगत आला होता, पण आज सांगताना त्याला बरं वाटलं होतं, कारण बाई मध्ये मध्ये ‘हं’ म्हणत होत्या, आणि त्यांचा ‘हं’ हा नुसता हुंकार नसायचा, तो ऐकणाऱ्या माणसाचा असायचा. घरी गेल्यावर त्याचं बोलणं ऐकून ‘हं’ म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. तेव्हा बोलण्याच्या भरात त्याने जरा जास्तच छान समजावलं असावं. आणि मग तो उतरलेला आवाज.

‘बुधवारनंतरचं काही ठरवलंच नव्हतं’ म्हणजे काय? तो टेबलावरच्या फोनकडे बघत राहिला. हा फोन आलेला नंबर दाखवत नव्हता. घाबरलेल्या माणसाला आपली नोंद होतेय असं वाटू नये म्हणून जनसंपर्कानेच तसं करून घेतलं होतं. तेव्हा त्याला ते फार सुसंस्कृत वाटलं होतं. आता मात्र हात चोळत बसण्याखेरीज काही करता येत नव्हतं. बाईंचं नाव त्याला माहीत नव्हतं, पत्ता माहीत नव्हता. एका माणसाची शेवटची आशा आपण पुराव्यासकट काढून घेतली आणि ते माणूस कुठल्या रस्त्यावर, कुठल्या खोलीत एकटं बसलंय तेही आपल्याला ठाऊक नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याच्या जिवाला घोर लागला.

संध्याकाळी तो घरी चालत गेला. रस्त्यावर दुकानदार बाहेर मांडलेला माल आत घेत होते. एका इमारतीपुढे दोन माणसं एक कपाट दारातून आत घालायचा प्रयत्न करत होती. आडवं केलं तर रुंदी आड यायची, उभं केलं तर उंची, आणि दोघंही एकमेकांना ‘तुझ्याकडून उचल’ म्हणत होती. तो उगाच तिथे उभा राहिला. बायको असती तर तिने पुढे होऊन कपाटाचं दार काढायला लावलं असतं. तिला गोष्टी आत कशा घालायच्या ते कळायचं. तिला त्याच्या शब्दांचं मोठं हसू यायचं. सकाळी निघताना ती विचारायची, “जेवायला येणार ना?” आणि तो म्हणायचा, “शक्यता आहे.” “मग शक्यता ताटात वाढून झाकून ठेवते,” असं ती म्हणायची, आणि ठेवायचीही. सुरुवातीच्या वर्षांत ती भांडायची, हो की नाही ते सांग म्हणायची. मग हसायला लागली. मग हसणंही कमी झालं आणि विचारणंही. शेवटच्या आजारात तिने त्याला एकदाही विचारलं नाही, मी बरी होईन ना म्हणून. डॉक्टरांना विचारलं, परिचारिकेला विचारलं, खोली पुसायला यायची त्या बाईलासुद्धा विचारलं, आणि ती बाई ठसक्यात म्हणाली, “होणार म्हणजे काय, होणारच.” बायको तेव्हा किती वेळ प्रसन्न होती. तो खुर्चीवर बसून ते पाहत होता. त्याला का विचारलं नाही, हे त्याला समजत होतं. त्याच्याकडून काय उत्तर मिळणार ते तिला पाठ होतं.

घरात शिरल्यावर त्याने दिवा लावला, आणि मग जी गोष्ट तो सहसा आठवत नसे ती त्याला आठवली. खरं तर बाईंच्या आवाजाने सकाळीच ती उकरून वर आणली होती, पण दिवसभर तो तिच्याकडे पाठ करून होता. बायको गेल्यानंतरचा तो उन्हाळा होता. सुरक्षेच्या गणिताचा एक भाग त्याच्याकडे होता. असं सूक्ष्म विवर समजा झालंच, तर ते क्षणात विरून जाईल की आसपासचं खाऊन वाढेल, याचं ते गणित. उत्तर अर्थातच सगळ्यांना माहीत होतं, फक्त नव्याने, वेगळ्या वाटेने करून बघायचं होतं. तो ते संगणकावर घालण्याआधी कागदावर पेन्सिलीने करायचा. त्याच्या पिढीची ती खोड होती. दुपारी, खिडकीतून ऊन पानावर पडलेलं असताना, उत्तर आलं, आणि ते वाढत होतं. विवर विरत नव्हतं. वाढत होतं, सावकाश, मग भराभर, आणि मग पृथ्वी नव्हती. त्याने पेन्सिल ठेवली. आपण दचकायला हवं, हे त्याला कळत होतं. पण दचकला नाही. उलट खांद्यांवरून काहीतरी खाली उतरलं. कुठूनतरी लांबून आल्यावर बूट काढावेत तसा तो निवांत झाला. म्हणजे सगळेच. हा, ते, वरचे, खालचे, गटप्रमुख, दुकानदार, सगळेच. तिला एकटीला पाठवलं असं मग कोणी म्हणू शकणार नाही. तो उठून खिडकीशी गेला. खाली कोणीतरी दोरीवरची चादर काढून, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालत होतं, आणि त्याला त्या माणसाची अपार माया वाटली. अर्धा-पाऊण तास तो असा उभा राहिला असेल. मग त्याच्या मनात आलं की हे कोणाला तरी सांगितलं पाहिजे. आणि तो विचार करू लागला, कोणाला. गटप्रमुखांना सांगायचं, पण ती बातमी झाली असती, सांगणं नव्हे. सांगणं म्हणजे ‘अगं, ऐकलंस का’ असं म्हणून सुरू करायचं असतं. तसं सुरू करता येईल असं एकही माणूस त्याला आठवेना. जग बुडणार हे सांगायलासुद्धा आपल्याला कोणी नाही, हे त्याला कळलं तेव्हा मात्र तो दचकला. आणि दुसरं काही करायला नव्हतं म्हणून तो पुन्हा टेबलाशी बसला आणि गणित पहिल्यापासून तपासू लागला. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उतरवताना एक वजाचं चिन्ह राहून गेलं होतं. ते घातलं. विवर विरलं. पृथ्वी होती तिथे आली, आणि ती रिकामी खोलीही. त्याने तो कागद फाडून टाकला आणि कोणाला काही बोलला नाही. चिन्ह चुकणं ही लाजेची गोष्ट होती. पण ती खरी लाज नव्हती, आणि हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला नाही. त्याने प्रत्येक फोन पहिल्याच घंटेला उचलला. एक शाळामास्तर होते, एक नुसता श्वास घेऊन ठेवून देणारा होता, रंगवाले गृहस्थ पुन्हा होते. “देऊन टाका रंग,” तो जरा तुटकपणे म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवशीही बाई नव्हत्या. जेवणाच्या सुट्टीत तो उठला नाही. जनसंपर्काच्या बाईंनी डबा पुढे केला तर नको म्हणाला. “काय झालं सर?” “एका बाईंचा फोन यायचा. येत नाही.” “मग चांगलंच आहे की,” त्या म्हणाल्या, “समजूत पटली असेल.” “तेच तर,” तो म्हणाला, आणि त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्याच्या डोळ्यांपुढे बाईंची खोली यायची. बघितलेली नव्हती, तरी यायची. आपल्याच खोलीसारखी ती दिसते, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

बुधवार उजाडला. सगळी प्रयोगशाळा नियंत्रण कक्षात जमली होती. गटप्रमुखांनी निरोप धाडला, अहो, आज तरी वर या, तुमचंही काम आहे यात. तो गेला नाही. फोन आज दुपारी बंद होणार होता; यंत्र सुरू झालं आणि जग राहिलं की मग कोण कशाला फोन करेल, असा साधा हिशेब होता. तळमजल्याच्या त्या खोलीत तो एकटा बसला. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली कोणीतरी पुठ्ठा घातला होता. भिंतीवरच्या घड्याळाची काच तडकलेली होती. इतके आठवडे इथे बसून त्याने या गोष्टी पाहिल्या नव्हत्या. थोड्या वेळाने वरून टाळ्यांचा आवाज आला, मग खूप पावलं, मग हसणं. झालं होतं. त्याच्या पायांखाली, फार खोल, कणांचे झोत एकमेकांवर आदळले होते, आणि पुठ्ठा जिथल्या तिथे होता. त्याला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. तो फोनकडे बघत होता. जनसंपर्काच्या बाई पळत आल्या, दारातूनच “सर, झालं!” म्हणाल्या, आणि त्याच्या हातात पेढ्यासारखं काहीतरी गोड ठेवून पुन्हा पळाल्या. ते तो हातात धरून बसला. फोनची तार काढायला येणारा माणूस जिन्यात कोणाशी तरी बोलत होता. आणि मग फोन वाजला.

“झालं का हो?” स्वच्छ, सुटा आवाज.

त्याचे डोळे भरून आले. त्याची त्याला लाज वाटली नाही. “झालं, बाई. मघाशीच.”

“काही कळलंच नाही बघा. मी सकाळपासून चांगले कपडे घालून खुर्चीत बसून होते. तुम्ही नाही म्हणालात, तरी म्हटलं, असावं तयार. जायचंच तर नीट दिसावं.”

“मग?”

“मग काय? पाय आखडले. दूध गॅसवर ठेवलेलं, ते उतू गेलं. दिसलं नाही, वासावरून कळलं. ते पुसलं आणि तुम्हाला फोन लावला. नंबर बोटांना पाठ झालाय म्हणून बरं.”

“दोन दिवस फोन केला नाहीत तुम्ही. माझा जीव टांगणीला लागला होता.”

“तुमचा?” बाई खरोखरच चकित झाल्या. “अहो, कशासाठी करायचा? उत्तर तर मिळालं होतं. तुम्हाला कामं असतील.”

तो एकदम बोलू लागला. कागदावर आलेलं उत्तर, राहून गेलेलं वजाचं चिन्ह, खिडकी, ती चादर. खांद्यांवरून उतरलेलं ओझं. बोलताना त्याच्या शब्दांत कुठेही शक्यता नव्हती. होतं ते सगळं घडलेलं होतं. “तुम्ही एकाच गाडीने म्हणालात ना,” तो म्हणाला, “मी त्या गाडीत अर्धा तास बसून आलोय, बाई. फार बरं वाटलं होतं. मग कोणालातरी सांगावं म्हटलं, तर सांगायला कोणी नव्हतं.”

मग त्या म्हणाल्या, “मला सांगायचं होतंत.”

“तेव्हा कुठे ओळख होती आपली?”

“तेही खरंच.” त्या हसल्या. मग तोही हसला. जिन्यातला माणूस दाराशी येऊन उभा राहिला होता. त्याने हातानेच त्या माणसाला थांबवलं.

“बाई, बुधवारनंतरचं काय?” त्याने विचारलं. “तुम्ही त्या दिवशी म्हणालात ते.”

“ते होय? हसाल तुम्ही. मोतीबिंदू आहे हो. एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसराही त्याच वाटेवर. शस्त्रक्रियेची तारीख मिळालीय परवा सकाळची. पण दवाखान्यातली मुलगी म्हणते, सोबत माणूस आणा, नाहीतर घेणार नाही. मुलगा सातासमुद्रापार, त्याला एवढ्यासाठी काय बोलवायचं? शेजारी नवे. कोणापुढे तोंड वेंगाडायचं या वयात? आणि तेवढ्यात हे तुमचं यंत्र आलं. म्हटलं, सुटले. बुधवारी सगळंच आटोपतंय, आता माणूस शोधायला नको.” त्यांनी सुस्कारा सोडला. “आज दवाखान्यात कळवून टाकते, येत नाही म्हणून.”

“कळवू नका,” तो म्हणाला. “मी येतो.”

“तुम्ही?”

“हो. तुम्हाला घरून घेईन, तिथे बसेन, परत आणून सोडेन.”

मग, ज्या आवाजात त्यांनी आयुष्यभर गाड्यांच्या वेळा सांगितल्या होत्या त्या आवाजात नव्हे, अगदी हळू, त्यांनी विचारलं, “नक्की?”

त्याचा जुना शब्द जिभेवर येऊन उभा राहिला. परवा सकाळपर्यंत काय काय होऊ शकतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ताप येतो. गाडी मिळत नाही. माणूस रस्ता ओलांडताना पडतो. यातल्या कशाचीच शक्यता शून्य नव्हती. बाई थांबल्या होत्या. त्यांना थांबायची सवय असावी.

“नक्की,” तो म्हणाला.

मग त्याने पत्ता विचारला आणि पेन्सिल घेतली. बाई सुटं सुटं सांगत होत्या, रस्ता, इमारत, मजला, कोणती घंटा चालते आणि कोणती चालत नाही. त्याने प्रत्येक शब्द पुन्हा वाचून पडताळून घेतला. इतके आठवडे ज्या भीतीची तो लोकांच्या वतीने समजूत काढत होता, ती आता त्याला स्वतःला वाटत होती. पायाखाली, फार खोल, ते यंत्र फिरत होतं, आणि परवापर्यंत या पृथ्वीला काहीएक होता कामा नये.